फोटोचे वर्णन कोणी लिहायचे?

समजा, एका व्याख्यानाचे निमंत्रण समाजमाध्यमावर आले आहे. वक्त्याचे नाव, विषय, तारीख, वेळ, सभागृहाचा पत्ता असे सारे काही एका रंगीत चित्रात सुबक अक्षरांत मांडलेले आहे आणि चित्राच्या वर पोस्ट टाकणाऱ्याने दोनच शब्द लिहिले आहेत : ‘नक्की या!’ डोळ्यांनी पाहणाऱ्याला यात काही उणे वाटणार नाही. हीच पोस्ट स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणाऱ्या साधनावर, ऐकणाऱ्या अंध व्यक्तीच्या कानावर मात्र पडते ते पोस्ट टाकणाऱ्याचे नाव, ‘दोन तासांपूर्वी’, ‘नक्की या’ आणि ‘चित्र’. कुठे यायचे, कधी यायचे आणि कशासाठी यायचे, हे सांगणारा एकही शब्द त्या पोस्टमध्ये मजकूर म्हणून नसतोच. जे काही आहे ते रंगांच्या ठिपक्यांत अडकलेले असते.

एका वाचकगटाचे समाजमाध्यमांवरचे पान मी सांभाळते. गटात अंध सदस्य आहेत, कर्णबधिर सदस्य आहेत आणि हातांच्या हालचालींवर मर्यादा असलेले एक ज्येष्ठ सदस्यही आहेत. त्यांच्या सहवासात माझे एक मत पक्के झाले आहे. समाजमाध्यमे दिव्यांगांना वापरता यावीत यासाठी कंपन्यांनी करायचे काम मोठे आहेच, परंतु इतर संकेतस्थळांपेक्षा येथे एक फरक आहे : येथला मजकूर कंपनी तयार करत नाही, आपण करतो. बँकेच्या संकेतस्थळावरील चित्राला वर्णन नसेल तर जाब बँकेला विचारता येतो. एखाद्याच्या पोस्टमधील चित्राला वर्णन नसेल तर ते त्या पोस्ट टाकणाऱ्यानेच लिहिलेले नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १३० कोटी लोकांना लक्षणीय स्वरूपाचे अपंगत्व आहे, म्हणजे साधारण दर सहा माणसांमागे एकाला. ‘आमच्या पानावर असे कोणी येत नाही’ असे जे ठामपणे सांगतात, त्यांच्याकडे तसे कोणी आले तरी थांबत नसावे, इतकाच निष्कर्ष त्यातून काढता येतो.

स्क्रीन रीडर ही आता दुर्मीळ किंवा महागडी गोष्ट राहिलेली नाही. २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने विंडोजसाठी ‘एनव्हीडीए’ हा मोफत स्क्रीन रीडर तयार करायला घेतला आणि पुढे जेम्स तेह हे त्यांचे अंध मित्रही त्या कामात आले. २००९ मध्ये आयफोन ३जीएससोबत व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर आला आणि आकड्यांची बटणे नसलेला, काचेच्या पडद्याचा फोन अंध व्यक्तीला वापरता येतो हे सिद्ध झाले. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक आहे. ही साधने सवयीच्या माणसाच्या हाती किती वेगाने चालतात हे एकदा ऐकण्यासारखे आहे. गटातील माझी अंध मैत्रीण ज्या गतीने पोस्ट ऐकते, त्या गतीला मला एकही शब्द धड कळत नाही. म्हणजे वाचणारे यंत्र तयार आहे आणि ऐकणारी व्यक्तीही सराईत आहे. अडते ते यंत्राला वाचायला काही दिलेले नसते म्हणून.

चित्राला जोडलेल्या अशा वर्णनाला पर्यायी मजकूर किंवा अल्ट टेक्स्ट म्हणतात. तो पडद्यावर सहसा दिसत नाही, पण स्क्रीन रीडर चित्रापाशी पोचला की वाचून दाखवतो. ट्विटरने आपल्या मोबाइल ॲपमध्ये ही सोय २०१६ साली दिली, इन्स्टाग्रामने २०१८ मध्ये. सोय झाली म्हणजे वापर झाला असे मात्र नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात छायाचित्रे असलेली दहा लाखांहून अधिक ट्विट तपासली होती आणि त्यांपैकी वर्णन जोडलेली निघाली केवळ ०.१ टक्का, म्हणजे हजारात एक. यात दोष केवळ वापरणाऱ्यांचा नव्हता. वर्णन लिहिण्याची चौकट दिसावी यासाठी आधी सेटिंग्जच्या पोटात शिरून एक पर्याय चालू करावा लागत असे, आणि ही अट २०२० मध्ये काढली गेली. जी सोय आहे हेच लोकांना कळू नये अशा जागी ठेवायची आणि मग ती कोणी वापरत नाही म्हणून खंत व्यक्त करायची, या प्रकाराचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे.

दुसरीकडे, वर्णन यंत्रानेच करावे असा प्रयत्न फेसबुकने २०१६ मध्ये सुरू केला. मॅट किंग हे फेसबुकमधील अंध अभियंते या कामात होते, आणि काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरे, या न्यायाने त्याचे स्वागत करायलाच हवे. सुरुवातीला हे यंत्र शंभरेक गोष्टी ओळखत असे, २०२१ पर्यंत ती संख्या बाराशेच्या पुढे गेली, आणि आजची कृत्रिम बुद्धिमत्ता तर पूर्ण परिच्छेदभर वर्णन लिहून देते. तरीही माझा आक्षेप कायम आहे, कारण चित्रात काय आहे हे यंत्र सांगू शकते, पण ते चित्र येथे का लावले आहे हे लावणाऱ्यालाच ठाऊक असते.

याचे एक उदाहरण आमच्याच पानावरचे आहे. गटाची बैठक ज्या वास्तूत भरते तिच्या दर्शनी भागाचा एक फोटो आमच्याकडे आहे आणि तो अनेकदा वापरला जातो. यंत्राने त्याचे वर्णन ‘इमारत, झाड, आकाश, बाहेर’ अशा धर्तीवर केले होते. त्यात चूक काहीच नव्हती. बैठकीच्या निमंत्रणासोबत हा फोटो लावताना आम्ही लिहितो : ‘वास्तूचे प्रवेशद्वार. दारापर्यंत तीन पायऱ्या आहेत. उजव्या बाजूने कठडा असलेला उतार थेट दारापाशी जातो.’ तोच फोटो वास्तूच्या इतिहासावरील टिपणासोबत गेला तेव्हा वर्णन वेगळे होते : ‘दुमजली दगडी इमारत. दाराच्या कमानीवर वेलबुट्टीचे कोरीवकाम आहे. वरच्या मजल्यावरील लाकडी सज्जाच्या डाव्या टोकाची पट्टी निखळलेली आहे.’ फोटो एकच, पण पहिल्या ठिकाणी सज्जाचे कौतुक कोणाच्या कामाचे नव्हते आणि दुसऱ्या ठिकाणी उताराची माहिती अवांतर ठरली असती. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या एका वाचकाने पहिल्या वर्णनाबद्दल आवर्जून कळवले, कारण डोळ्यांनी पाहताना झाडाच्या सावलीत तो उतार त्यांच्या लक्षातच आला नव्हता.

वर्णन लिहिणे हे संपादनाचेच काम आहे, आणि संपादनाप्रमाणेच त्यात काय गाळायचे हे आधी ठरवावे लागते. ‘हा एक फोटो आहे, ज्यामध्ये…’ अशी सुरुवात टाळावी, कारण हे चित्र आहे हे स्क्रीन रीडरने आधीच सांगितलेले असते. साधारणपणे एक ते तीन वाक्ये पुरतात. चित्रात अक्षरे असतील तर ती सर्वच्या सर्व लिहावीत, आणि ती फार असतील तर मूळ पोस्टमध्येच टंकून द्यावीत. सूचनापत्र, वेळापत्रक, परिपत्रक यांचे फोटो काढून पाठवणाऱ्यांनी तर हे विशेषकरून करावे, म्हणजे ज्यांना अंधूक दिसते आणि ज्यांना फोनवर अक्षरे मोठी करून वाचायची असतात त्यांचीही सोय होते. आलेख असेल तर रंगांचे वर्णन करत बसण्यापेक्षा आलेख काय सांगतो आणि महत्त्वाचे आकडे कोणते, हे द्यावे. छायाचित्रकाराचे नाव, विनोदी शेरा किंवा शोधयंत्रासाठीचे शब्द या चौकटीत कोंबू नयेत. पाहणाऱ्याला ते दिसत नाहीत आणि ऐकणाऱ्याला त्यांचा उपयोग नसतो.

माणसांचे वर्णन किती करावे, हा मुद्दा मात्र सोपा नाही. एखाद्याचे वय, रंग, देहयष्टी लिहिणे अनेकांना संकोचाचे वाटते, आणि अनोळखी व्यक्तीबद्दल असे अंदाज बांधणे गैरही ठरू शकते. माझ्या मैत्रिणीचे म्हणणे असे, की पाहणाऱ्यांना जे एका नजरेत कळते आणि ज्यावरून ते मनात काही मत बनवतात, ते तिच्यापासून सभ्यतेच्या नावाखाली लपवू नये. आम्ही सध्या असे करतो, की ओळखीची व्यक्ती असेल तर नाव लिहितो, काय चालले आहे ते लिहितो आणि पेहराव किंवा रूप हा पोस्टचा विषय असेल तरच त्याबद्दल लिहितो. हे तिला पूर्णपणे पटलेले नाही.

चित्रांइतकाच गोंधळ अक्षरांचा आहे आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. नावाला नक्षीदार रोमन अक्षरे लावून देणारी ॲप असतात. ती अक्षरे वास्तविक गणितात वापरण्यासाठी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या जागतिक संचात, घेतलेली स्वतंत्र चिन्हे आहेत. त्यामुळे नाव वाचताना स्क्रीन रीडर प्रत्येक अक्षरापाशी ‘गणिती ठळक तिरपे…’ असे काहीतरी म्हणत बसतो, किंवा ते सबंध गाळून पुढे जातो. रोमन लिपीत मराठी लिहिण्याची सवय याहून अधिक त्रासाची आहे. इंग्रजी आवाजाला ते शब्द इंग्रजीच वाटतात, आणि मग ‘अरे’चे ‘आर’ होते, ‘आले’चे ‘एल’ होते, ‘मते’चे ‘मेट’ होते; चार ओळींचा निरोप दोनदा ऐकूनही अर्थ लागत नाही. देवनागरीत लिहिलेले मराठी, मराठी आवाज निवडलेला असेल तर, नीट वाचले जाते, म्हणून कळफलक बदलण्याचा तेवढा त्रास घ्यावा असे मी आग्रहाने सांगते.

हॅशटॅगच्या बाबतीत सर्वत्र सांगितला जाणारा नियम आपल्या लिपीला लागू पडत नाही. रोमन लिपीत प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे लिहिले की स्क्रीन रीडर शब्द तोडून वाचतो. देवनागरीत लहानमोठी अक्षरे नसल्यामुळे चार शब्द सलग जोडले की त्यांचा एकच अगम्य शब्द होतो. अशा वेळी शब्दांच्या मध्ये अधोरेषा (अंडरस्कोर) द्यावी. इमोजींचेही तसेच आहे. प्रत्येक इमोजीला नाव असते आणि ते नाव वाचले जाते. वाक्याच्या शेवटी एखादा असेल तर तो ऐकायला गोडच वाटतो, पण प्रत्येक शब्दानंतर टाळ्या वाजवणारे हात टाकले की वाक्य हरवते. ओळीभर ताऱ्यांची नक्षी काढून परिच्छेद वेगळे करणाऱ्यांनी ती नक्षी एकदा स्वतःच्या फोनवर ऐकून पाहावी.

व्हिडिओकडे वळलो की ऐकू न येणाऱ्यांचा प्रश्न पुढे येतो. यूट्यूबने २००९ मध्ये आपोआप तयार होणारी कॅप्शन, म्हणजे बोललेले शब्द पडद्यावर दाखवणाऱ्या ओळी, आणली आणि त्यामागे केन हॅरेनस्टीन हे गूगलमधील कर्णबधिर अभियंते होते. आज बहुतेक माध्यमांवर अशी कॅप्शन मिळतात, तरी विशेषनामे, आकडे आणि नकारार्थी वाक्ये यांत ती हमखास घसरतात. ‘नाही’ गाळला गेला की वक्ता नेमके उलटे बोलल्यासारखे दिसते. म्हणून आपोआप आलेली कॅप्शन प्रसिद्ध करण्यापूर्वी वाचून दुरुस्त करणे आवश्यक आहे, आणि हे काम व्हिडिओ कापणे, संगीत घालणे यांच्यापेक्षा फार कमी वेळाचे आहे. केवळ बोललेले शब्द पुरेसे नसतात. दार वाजले, लोक हसले, संगीत थांबले हेही कंसात यायला हवे. तरीही कॅप्शन म्हणजे सर्व काही झाले असे समजू नये, कारण जन्मतः कर्णबधिर असलेल्या अनेकांची पहिली भाषा सांकेतिक भाषा असते आणि लिखित भाषा त्यांच्यासाठी नंतर शिकलेली असते.

गटांतले आवाजी निरोप हा याच प्रश्नाचा भाग आहे. टंकण्याचा कंटाळा म्हणून कोणीतरी तीन मिनिटांचा निरोप बोलून पाठवतो आणि गटातील कर्णबधिर सदस्य त्या चर्चेतून बाहेर पडतात. व्हॉट्सॲपने २०२४ च्या अखेरीस असे निरोप लिहून दाखवण्याची सोय जाहीर केली, पण ती ठरावीक भाषांपुरतीच. येथे एक गुंताही आहे : ज्यांना बोटांनी टंकणे जड जाते त्यांच्यासाठी आवाजी निरोप हाच सुलभ मार्ग असतो. आमच्या ज्येष्ठ सदस्यांना बोलूनच कळवावे लागते, आणि मग गटातले कोणीतरी त्याचा दोन ओळींचा गोषवारा खाली लिहिते. उलट दिशेचा दोष रीलमध्ये दिसतो : मागे संगीत आणि पडद्यावर भराभर सरकणारी वाक्ये. अंध व्यक्तीला त्यातले केवळ संगीत मिळते. ती वाक्ये बोलून दाखवली किंवा पोस्टमध्ये लिहिली की प्रश्न मिटतो.

लुकलुकणाऱ्या चित्रांचा धोका गैरसोयीच्या पलीकडचा आहे. प्रकाशसंवेदी अपस्मार (प्रकाशामुळे फिट येण्याचा आजार) असलेल्या व्यक्तीला वेगाने उघडझाप करणाऱ्या प्रकाशामुळे झटका येऊ शकतो. एका सेकंदात तीनपेक्षा अधिक वेळा लुकलुकणारे काही नसावे, हा निकष संकेतस्थळे दिव्यांगांना वापरता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आहे. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील एपिलेप्सी फाउंडेशनच्या ट्विटर खात्याला उद्देशून अशी चित्रे मुद्दाम पाठवली गेली, आणि तीही अपस्माराविषयी जागृतीच्या महिन्यात. ब्रिटनच्या २०२३ च्या ऑनलाइन सेफ्टी ॲक्टने इजा करण्याच्या हेतूने अशी चित्रे पाठवणे हा गुन्हा ठरवला आहे. हेतू वाईट नसतानाही कॅमेऱ्यांच्या झगमगाटाची क्लिप टाकणाऱ्याने आधी इशारा द्यावा, आणि वाचकांनीही आपल्या खात्यातील व्हिडिओ आपोआप सुरू होणे बंद ठेवावे. ते बंद असण्याचा आणखी एक फायदा असा, की व्हिडिओचा आवाज स्क्रीन रीडरच्या आवाजावर चढत नाही.

आता कंपन्यांविषयी. २०२० च्या जूनमध्ये ट्विटरने आवाजी ट्विट आणली तेव्हा त्यांना कॅप्शन नव्हती, आणि त्यावरून झालेल्या टीकेत असे उघड झाले की सुगम्यतेसाठी, म्हणजे सोयी दिव्यांगांना वापरता याव्यात हे पाहण्यासाठी, पूर्णवेळ गटच कंपनीत नव्हता. कर्मचारी आपले काम सांभाळून ते पाहत होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये असे गट स्थापन झाले, पुढे २०२१ मध्ये कॅप्शन आली आणि २०२२ मध्ये वर्णन असलेल्या चित्रावर दिसणारी खूण आली. मालकी बदलल्यानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये झालेल्या कपातीत सुगम्यतेचा गट गेला, आणि २०२३ च्या आरंभी ट्विटर वापरण्यासाठी इतरांनी बनवलेली ॲप बंद पडली, ज्यांच्यावर अनेक अंध वापरकर्ते विसंबून होते. एका कंपनीच्या मर्जीवर उभी असलेली सोय किती पटकन जाऊ शकते याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. म्हणूनच कायद्याची गरज मला कंपन्यांच्या सदिच्छेपेक्षा अधिक वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारातील नववे कलम माहिती आणि संपर्कसाधनांच्या सुगम्यतेविषयीही आहे, आणि ते कलम सोयीविषयी नव्हे, हक्काविषयी बोलते. बारीक बटणे, एकाच विशिष्ट बोटफिरकीने उघडणारे पर्याय, वाचून होण्याआधी पुढे सरकणाऱ्या स्टोरी, दर काही महिन्यांनी जागा बदलणारी सेटिंग्ज या गोष्टी पोस्ट लिहिणाऱ्याच्या हातात नाहीत. त्या कंपन्यांकडूनच दुरुस्त करून घ्याव्या लागतील, आणि त्यासाठी तक्रार करताना कोणत्या फोनवर, कोणत्या साधनासह, कोणत्या पायरीला अडले हे नेमके लिहिले तर तिचा उपयोग होण्याची शक्यता वाढते.

राहता राहिली ती विनोदी चित्रे, म्हणजे मीम. सूचना, निमंत्रणे आणि बातम्या यांची वर्णने लिहायला लोक हळूहळू तयार होतात, पण गमतीच्या चित्राला वर्णन कशाला, असा सूर निघतो. माझ्या मैत्रिणीला मात्र नेमका त्याचाच राग आहे : गटात सगळे हसत आहेत एवढे कळते, पण कशावर ते कळत नाही, आणि दर वेळी विचारायचे म्हणजे हसण्याची भीक मागितल्यासारखे होते. म्हणून आमच्याकडे आता मीम टाकणाऱ्यानेच वर्णन लिहायचे असे ठरले आहे, आणि चित्र बाहेरून आलेले असेल तर ते पुढे पाठवणाऱ्याने. मीमचे वर्णन लिहिताना आधी चित्रातली माणसे आणि त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव सांगावेत, मग वरची ओळ, आणि ज्या ओळीवर हसू येते ती सर्वांत शेवटी. विनोद समजावून मात्र सांगू नये, तो तिला आपल्याआधी कळलेला असतो.